मोराबाराबा कसा खेळतात? आपल्या नवकंकरीसारखाच का?

हो, जवळचाच. दक्षिण आफ्रिका आणि लेसोथोमधला हा खेळ. एकात एक तीन चौकोन, 24 बिंदू. पण इथे कोपरेही तिरप्या रेषांनी जोडलेले असतात आणि प्रत्येकाकडे 9 नव्हे, 12 सोंगट्या. त्यांना ‘गाई’ म्हणतात. गुरं हीच संपत्ती मानणाऱ्या समाजाचा खेळ, म्हणून मला हे नाव फार आवडतं.

आधी आळीपाळीने गाई मांडायच्या, मग रेषेवरून शेजारच्या रिकाम्या बिंदूवर सरकवायच्या. तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक गाय उचलायची. तीनच उरल्या तर त्या कुठेही उडी मारू शकतात. दोन उरल्या किंवा चालच संपली, की हरलात.

नवशिके हल्ल्याच्या नादात अडवणं विसरतात. तिरप्या रेषांवर आधी लक्ष ठेवा.