पावसाळ्यात वाचायला रहस्यकथा-भयकथा सुचवा, आणि सोबत खायला-प्यायला काय?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: "घरचे म्हणतात, असलं वाचून भाषा बिघडते." मी त्या वाक्यासाठी लिहायला बसलेय. पुस्तकांची यादी काय, कुणीही देईल.

मी बेळगावची, शहापूर भागातली. आमच्याकडे मृग येतो-जातो, पण तरणा-म्हातारा (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांचा पाऊस) एकदा लागला की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. (कणकुंबी-जांबोटीकडचे लोक आमच्या पावसाला पाऊसच म्हणत नाहीत, ते सोडा.) लाईट हमखास जाते. अशा वेळी आई लायब्ररीतून रहस्यकथा आणायची आणि घरात तिच्यावरून भांडण लागायचं.

भांडणारे म्हणजे माझे थोरले काका, अण्णा. मराठीचे मास्तर. 1956 साली राज्यांची नव्यानं आखणी झाली आणि आम्ही इकडे, आजच्या कर्नाटकात, राहिलो. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांत मराठी वाचणं हे व्रतासारखं झालं. अण्णांचं म्हणणं, सीमाभागातल्या पोरांनी वाचायचं तर ज्ञानेश्वरी वाचावी, गाथा वाचावी. खून, पिस्तुलं आणि बुरखाधारी माणसं वाचून कसली मराठी टिकणार?

एका आषाढात त्यांनी आईची रहस्यकथा उचलली आणि "ह्यातलं शुद्धलेखन दाखवतो तुम्हाला" म्हणून लाल पेन घेऊन बसले. लायब्ररीचं पुस्तक! ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, अनुस्वार दिले, 'खून्याने' दिसलं की ऊ खोडला. समासात शेरे: "कर्ता कोठे?" एका ठिकाणी नायकाच्या प्रेमपत्राखाली "पाल्हाळ". काकी त्यांना दोनदा जेवायला बोलवून गेली, तरी हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुस्तक आईच्या हाती आलं. दुसरा खून होतो तिथपर्यंत ओळ न् ओळ लाल. तिथून पुढे शेवटच्या पानापर्यंत एक ठिपका नाही. बरं, पुढे चुका नव्हत्या असंही नाही, 'पिस्तूल' हा शब्द तीन तऱ्हांनी छापलेला होता. आईनं विचारलं, "अण्णा, पुढचं तपासायचं राहिलं काय?"

"पेन संपलं की गं."

आईनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीवर रेघ ओढली. ठसठशीत लाल. अण्णा म्हणाले, "पावसाळी हवा. मधेच धरत नाही ते." आणि छत्री घेऊन बाहेर पडले.

लायब्ररीवाल्यानं अर्थातच पुस्तक परत घेतलं नाही, पूर्ण किंमत लावली. आईनं ती अण्णांकडून वसूल केली. पुस्तक अजून माझ्याकडे आहे. नाव सांगत नाही, कारण समासातल्या एका शेऱ्यात अण्णांनी खुनी कोण याचा अंदाज लिहिलाय आणि तो बरोबर निघालाय.

ते पुस्तक मग आईनं रात्री कंदिलाशी बसून मोठ्यानं वाचलं. काकी, आम्ही पोरं, आणि शेजारच्या कन्नड आज्जी. त्यांना मराठी अक्षर येत नव्हतं, ऐकून सगळं कळायचं. आई पान उलटायला थांबली की त्या "आमेले? आमेले?" (मग? पुढे?) करायच्या. गाथेच्या वेळी त्या कधी आल्या नव्हत्या.

अण्णा शेवटपर्यंत पेनाच्या गोष्टीवर अडून राहिले. माझं मत मी इथे मांडून ठेवते. शपथ घालून कुणी वाचक होत नाही. माझा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला, दुसरी भाषा कन्नड. मराठी त्याला कुणी शिकवली नाही. तो जोडाक्षरं शिकला नारायण धारपांच्या भयकथांवर, कारण पुढे काय झालं हे मी सांगेना. आज तो गाथाही वाचतो. उलट क्रमानं ते झालं नसतं. अण्णांच्या नातवंडांबद्दल मी बोलत नाही.

आता तुमचा प्रश्न. सुरुवात बाबूराव अर्नाळकरांपासून करा. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी, त्यामुळे निवडत बसू नका, झुंजार किंवा काळापहाड या त्यांच्या नायकांच्या कथांतलं जे मिळेल ते उचला. एका बैठकीत संपतं. धारपांमध्ये आधी समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथा घ्या (रामदासांच्या नव्हेत). त्यांत निस्तरणारा माणूस येतो हे ठाऊक असतं, म्हणून झोप लागते. दिवाळी अंक पावसाळ्यात काढू नका. 1909 साली 'मनोरंजन'नं ही चाल पाडली ती दिवाळीसाठी, आणि 'धनंजय'सारखा रहस्यकथांचा अंक भातकापणी उरकल्यावर, थंडीत गोधडी घेऊन वाचण्यात जी मजा आहे ती चिकचिकीत नाही.

खाण्याचं म्हणाल तर बेळगावचा म्हणून कुंदा सुचवतील लोक. वाचताना कुंदा नको, बोटं चिकटतात. उकडलेल्या शेंगाही नकोत. चुरमुरे, कच्चा कांदा, हिरवी मिरची. भजी दुसऱ्यानं तळून आणून दिली तरच, नाहीतर खून कढईपाशी उभं राहून वाचावा लागतो. रात्री बासमतीचा मऊ भात, तूप-मेतकूट. बासमती म्हणजे आमच्या येळ्ळूर-वडगावच्या शिवारातली, पाकिटातली लांब दाण्याची नव्हे. पुस्तक रंगलं असेल तर हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाच्या पिठाची पातळ पेज, गूळ-सुंठ घालून, म्हणजे एका हातात वाटी धरून काम भागतं.

हेही सांगायला हवं की जुन्या रहस्यकथांतल्या बायका एकतर किंचाळतात नाहीतर विष देतात. मुलींच्या हाती देताना त्यावर बोला. आणि भाषा खरंच ढिसाळ असते कधीकधी, तेवढं अण्णांचं बरोबर होतं. जुनी पुस्तकं पावसाळ्यात बुरसतात, दमा असेल तर आधी झटकून उन्हात ठेवा, ऊन मिळालं तर.

प्यायला चहा नको, कषाय करा. धने, जिरे, मिरी, सुंठ भाजून पूड करून ठेवायची, पाण्यात उकळायची, मग दूध. पित्ताचा त्रास असेल तर मिरी कमी. गूळ मात्र गॅस बंद केल्यावरच घाला, नाहीतर दूध फाटतं आणि पुस्तक टाकून परत उठावं लागतं.