रिपोर्ट परत पॉझिटिव्ह आला, आता तोंडाची पण टेस्ट करू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४२. मागच्या वर्षी चेकअपमध्ये एचपीव्ही टेस्ट (गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण होणारा व्हायरस बघतात ती) पॉझिटिव्ह आली, पॅप (तिथल्या पेशींची तपासणी) नॉर्मल होतं म्हणून वर्षाने परत करू म्हणाले, तर आता परत पॉझिटिव्ह. रिपोर्टवर १६ निगेटिव्ह, १८ निगेटिव्ह, 'अदर हाय रिस्क' पॉझिटिव्ह असं लिहिलंय. मिस्टरांना सांगितलं तर ते नीट बोलेनातच, म्हणे हे आलं कुठून. त्यात नेटवर वाचलं की हाच व्हायरस तोंडात, घशातपण राहतो आणि मला सारखं तोंड येतं. ती टेस्ट कुठे होते? मुलीला माझ्या ताटातलं द्यायचं बंद केलंय. ती १२ वर्षांची आहे, तिला लस द्यायची का, आणि मी पण घेऊ का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, आधी मुलीला ताटातलं द्यायला लागा. हा व्हायरस मुख्यतः लैंगिक संबंधातून, त्वचेला त्वचा लागून येतो, उष्ट्याची भीती नको. आणि तोंड येणं बहुतेक वेळा बी-१२ कमी असणं, जागरणं, दाताची टोचणारी कड असल्या कारणांनी असतं, त्याचा या रिपोर्टशी संबंध जोडू नका.

मिस्टरांचं म्हणाल तर हा कॉलम त्यांनाच वाचायला द्या. एचपीव्ही वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो, टेस्टमध्येसुद्धा सापडत नाही इतका कमी, आणि मग कधीतरी दिसतो, त्यामुळे तो कधी आला, कुणाकडून आला, लग्नाआधी की नंतर, हे जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नाही. बहुतेक माणसांना, बाईला काय नि पुरुषाला काय, आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. यावरून घरात संशय घेणं म्हणजे शुद्ध छळ आहे, माझं स्पष्ट मत.

आता रिपोर्ट. या व्हायरसचे २०० च्या वर प्रकार आहेत, त्यातले साधारण १४ धोक्याचे. १६ आणि १८ हे दोघेच पिशवीच्या तोंडाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरला जबाबदार, ते तुमच्याकडे नाहीत हे चांगलंच आहे. उरलेले सगळे 'अदर' मध्ये एकत्र मोजतात आणि इथेच गंमत आहे, दोन्ही वेळा पॉझिटिव्ह म्हणजे तोच व्हायरस टिकून राहिला असं नक्की नाही, जुना जाऊन दुसराच आलेला असू शकतो. १० पैकी ९ जणींचं शरीर एक-दोन वर्षांत तो काढून टाकतं, काळजी फक्त ठाण मांडून बसणाऱ्याची. तुमचा कुठला ते कळत नसलं तरी दोनदा पॉझिटिव्ह म्हटल्यावर तिसऱ्या टेस्टची वाट बघायची नाही, कॉल्पोस्कोपी करायची. त्यात पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावतात, खराब झालेला भाग पांढरा पडतो, दुर्बिणीतून बघून गरज वाटली तर तिथला छोटा तुकडा तपासायला घेतात. इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५-२० वर्षं लागतात, प्रतिकारशक्ती कमी असेल, एचआयव्ही वगैरे, तर ५-१०. म्हणजे रात्रीची झोप घालवू नका, पण फाइल कपाटातही टाकू नका.

टेस्ट करून काय होतं विचारणाऱ्यांना मी तुमच्या शेजारचंच उदाहरण देते. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या लोकांनी १९९९ पासून खेड्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर अभ्यास केला. ज्या गटात एकदाच, फक्त एकदाच एचपीव्ही टेस्ट झाली त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे छापून आलं, तरी अजून किती बायकांनी ही टेस्ट केलीय बघा आजूबाजूला विचारून.

तोंडाची टेस्ट मात्र नको. तोंडात हा व्हायरस बायकांमध्ये बराच कमी सापडतो, अमेरिकेत २००९-१० च्या पाहणीत पुरुषांत १० टक्के आणि बायकांत ३.६ टक्के होता. खाली असेल तर वर असण्याची शक्यता थोडी वाढते हे खरं, पण दोन्हीकडे वेगवेगळे प्रकारही सापडतात, आणि तोंडातलाही बहुतेकांचा आपोआप जातो. गुळण्या करून ते पाणी तपासतात, पण ते अभ्यासापुरतं. कारण पॉझिटिव्ह आलं तर पुढे करायचं काय? टॉन्सिलच्या खाचांत कॅन्सरच्या आधीची अवस्था दिसेल अशी कॉल्पोस्कोपीसारखी सोय नाही. नुसता घोर लागेल जिवाला. मानेत गाठ, गिळताना एकाच बाजूला दुखणं, तीन आठवड्यांत न भरणारा फोड, यातलं काही असेल तर ईएनटीकडे जा. आणि हो, आपल्याकडे गालाचा, हिरड्यांचा कॅन्सर जास्त करून तंबाखू-सुपारीने होतो, तेव्हा घरात कुणी मिश्री लावत असेल तर आधी ती बंद करा.

मुलीला लस जरूर द्या, १५ च्या आत दिली की सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक आपल्याकडे २०२३ पासून मिळते. तुम्हाला आत्ता असलेलं इन्फेक्शन मात्र लसीने जात नाही, त्यामुळे तुमच्या लसीचं नंतर बघू, आधी कॉल्पोस्कोपीसाठी पाळी संपल्यानंतरची तारीख मागून घ्या आणि जाताना दोन्ही वर्षांचे रिपोर्ट बरोबर न्या.