वाचकांचे प्रश्न : ग्रेगसन, बॅटले अँड किंग

प्रश्न : आमची इमारत १९३०च्या दशकातली आहे. ती ‘ग्रेगसन, बॅटले अँड किंग’ यांनी बांधली, असं जुने रहिवासी सांगतात. ही मंडळी कोण? आणि हे खरं आहे की नाही, ते तपासायचं कसं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : मुंबईतल्या जुन्या आर्किटेक्ट फर्मपैकी ही एक फार मोलाची फर्म. तिचा खरा चेहरा म्हणजे क्लॉड बॅटले (१८७९–१९५६). १९१३ साली ते मुंबईत आले आणि १९१७ पासून या फर्ममध्ये होते. पुढे १९२३ ते १९४३ ही वीस वर्षं मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेतल्या (‘जे.जे.’) वास्तुकला शिक्षणाची धुरा त्यांनीच सांभाळली. इथल्या जुन्या वास्तूंची प्रत्यक्ष मापं घेऊन नकाशे काढायला ते विद्यार्थ्यांना लावत, आणि त्या अभ्यासाचं मोल फर्मच्या इमारतींइतकंच मानायला हवं.

फर्मची ठळक कामं म्हणजे मुंबई सेंट्रल स्टेशन, मलबार हिलवरचं जिना हाउस (१९३६) आणि वांकानेरच्या राजांसाठी बांधलेलं, पुढे ‘लिंकन हाउस’ झालेलं निवासस्थान. मुंबई सेंट्रल डिसेंबर १९३०मध्ये सुरू झालं आणि त्याच महिनाअखेर कुलाब्याचं टर्मिनस बंद पडलं. स्टेशनचा आराखडा या फर्मचा, बांधकाम मात्र शापूरजी पालनजींचं. तुमच्या इमारतीचंही तसंच असणार : आर्किटेक्ट एक, ठेकेदार दुसरा. कागदपत्रांत दोन्ही नावं वेगवेगळी शोधा.

नुसत्या शैलीवरून आर्किटेक्ट ठरवू नका. त्या काळी जे.जे.मधून बाहेर पडलेले कितीतरी भारतीय आर्किटेक्ट तशाच गोलसर बाल्कन्या आणि सलग छज्जे काढत होते. पुरावा एकच, तो म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातला शीर्षक-चौकोन : फर्मचं नाव, तारीख, नकाशा क्रमांक, सही.

सोसायटीच्या कपाटात नकाशा नसेल, तर आधी प्रॉपर्टी कार्डावरून सी.एस. नंबर, म्हणजे जागेचा भूमापन क्रमांक, काढा. मग महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क १० रुपये. विषय एकच हवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. इमारतीचं फक्त आजचं नाव लिहिलं की अर्ज हमखास अडतो, कारण नावं बदलतात, सी.एस. नंबर सहसा टिकतो.

प्रश्न : निळ्या कागदावरचे काही नकाशे आमच्याकडे आहेत. ते जपायचे कसे? त्यांवरून दुरुस्तीची मापं घेता येतील का?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : लॅमिनेशन अजिबात करू नका, आणि फाटलेल्या जागी सेलोटेपही नको. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि कागदात मुरतो. निळी ब्लूप्रिंट उन्हाने फिकी पडते. अल्कलीनेही तिचा रंग उडतो, म्हणून जुन्या कागदांसाठी एरवी चांगला मानला जाणारा अल्कलीयुक्त ‘बफर’ कागद इथे चालत नाही. साधा, आम्लमुक्त, बफर नसलेला कागद मध्ये घाला. घडी घालू नका, रुंद नळीवर सैल गुंडाळा. स्कॅन करताना शेजारी फूटपट्टी ठेवा.

पट्टी लावून काढलेल्या मापावर मात्र काम करू नका. ‘१ इंच = ८ फूट’ या प्रमाणात, म्हणजे १:९६ला, कागदावरची एक मिलिमीटरची चूक भिंतीवर जवळजवळ १० सेंटिमीटर होते. त्यात ब्लूप्रिंट धुऊन वाळवताना कागद आक्रसतो, तोही लांबी-रुंदीत सारखा नाही. नकाशावर आकड्यात लिहिलेलं माप धरा. नंतर एखादी खोली टेपने प्रत्यक्ष मोजा, कारण मंजूर नकाशा आणि बांधलेली इमारत यांत फरक निघतोच. सळयांची माहिती हवी असेल, तर स्ट्रक्चरल नकाशे वेगळे मागा; आर्किटेक्टच्या प्लॅनवर ती सहसा नसते.