वाळवंटी नदीला अचानक पूर आला, तर तळाशी राहणारा लोच मिनो हा मासा वाहून का जात नाही?

लोच मिनो प्रवाहाविरुद्ध पोहत राहण्याऐवजी तळाला धरून राहतो, म्हणून अमेरिकेतील अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांतील हीला नदीच्या खोऱ्यात येणाऱ्या पुरातही तो सहसा टिकून राहतो. इतर मासे ज्या हवेच्या पिशवीच्या आधारे पाण्यात तरंगतात, ती याच्या शरीरात बरीच लहान असते. त्यामुळे जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचा हा मासा उथळ, खळाळत्या पाण्यातील गोट्यांच्या फटींत, जिथे प्रवाहाचा जोर कमी असतो, तिथे बसून राहू शकतो. त्याचे डोळेही वरच्या बाजूला वळलेले असतात. मादी अंडीसुद्धा दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवते, आणि राखण बहुधा नर करतो. मात्र ही सारी रचना फटी मोकळ्या असतील तरच उपयोगाची आहे. पुराने गाळ धुऊन निघतो, हे खरे तर त्याच्या पथ्यावरच पडते. परंतु पाणी अडवले किंवा उपसले गेले की त्याच फटी गाळाने बुजतात आणि बाहेरून आणून सोडलेले मासेही त्याच्या मुळावर येतात. १९८६ पासून कायद्याचे संरक्षण असूनही २०१२ मध्ये त्याला अधिक गंभीर धोक्याच्या वर्गात टाकावे लागले.