पित्ताच्या खड्यामुळं वडलांच्या स्वादुपिंडाला सूज आलीय. डॉक्टर म्हणतात डिस्चार्जच्या आधीच पित्ताशय काढू, घरचे म्हणतात महिनाभर ताकद भरू दे. काय करावं?

मी डॉक्टर नाही, पण आमच्या आईचं हेच झालेलं म्हणून लिहितोय. कोल्हापुरातच ॲडमिट होती, पाच दिवसात बरी झाली, तिथं सांगितलं महिन्याभरानं या, आम्ही म्हटलं दिवाळी झाली की करू. पथ्य कडक होतं, तांबडा पांढरा तर लांबच, नुसती भाकरी आणि बिनफोडणीची मुगाची आमटी. तरी एकोणिसाव्या दिवशी पहाटे दुखायला लागलं, पोटातनं थेट पाठीत कळ, उशी पोटाशी धरून पुढं वाकून बसलेली, आडवं पडताच येईना. तो दुसरा ॲटॅक जोराचा निघाला, स्वादुपिंडाभोवती पाणी साठलं आणि मग ऑपरेशन लगेच करताच येईना, ते पाणी जिरेपर्यंत दोन महिने थांबावं लागलं. पथ्यानं खडा जागचा हलायचा थांबत नाही हो, आणि बारीक खडेच जास्त वाईट, तेच पित्ताच्या नळीत घसरतात. आईचे नंतर डबीत घालून दिले, ज्वारीच्या कण्यांएवढे होते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, सूज सौम्य आहे का? म्हंजे किडनी, श्वास सगळं ठीक, सीटी केला असेल तर त्यात पाणी किंवा सडलेला भाग नाही, दुखणं थांबलंय, जेवण पचतंय. तसं असेल तर त्याच ॲडमिशनमध्ये दुर्बिणीनं काढून घ्या. नेदरलँड्समध्ये 266 सौम्य पेशंटवर याचाच अभ्यास झाला, 2015 ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, महिनाभर थांबवलेल्यांपैकी 17 टक्क्यांना खड्यांच्या गुंतागुंतीमुळं परत ॲडमिट व्हावं लागलं किंवा मृत्यू आला, लगेच केलेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं, आणि लगेच केल्यानं ऑपरेशन काही अवघड झालं नाही.

सूज गंभीर असेल तर मात्र घाई नको, तिथं सहा आठवडे किंवा जास्तही थांबतात ते बरोबरच आहे. आणि थंडी वाजून ताप, डोळे पिवळे असं असेल तर नळीत खडा अडकून इन्फेक्शन झालेलं असू शकतं, त्याला आधी तातडीनं ईआरसीपी, म्हंजे तोंडातनं दुर्बीण घालून, नळी मोकळी करतात, पण त्यानंतरही पित्ताशय काढावंच लागतं, ईआरसीपी झाली म्हणून बरेच जण सोडून देतात.

ताकद भरायचं म्हणाल तर सौम्य असेल तर ऑपरेशननंतर बहुतेक एकदोन दिवसात घरी सोडतात, मग घरी आणून खाऊ घाला की. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत बसतंय का ते तिथल्या आरोग्यमित्राला आजच विचारा, रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.