परदेशी पाणीपुरवठा संस्थेशी करार केल्याने आपल्या शहराचं पाणी खरंच सुधारतं का, की नुसते दौरे होतात?

सुधारतं. आणि दौरेही होतात.

तुमच्या नगरपरिषदेत एका डच संस्थेशी सहकार्य करण्याचा ठराव येतोय, त्याला पाठिंबा द्यावा की विरोध करावा, असं तुम्ही विचारलंय. हो की नाही एवढ्यात हे सांगता येणार नाही. पण इथे आधी ज्यांनी 'सगळं थोतांड आहे' असं लिहिलंय त्यांनी आयुष्यात कधी व्हॉल्व्हची चावी फिरवलेली दिसत नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. शहराचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल पुढे लिहिणार आहे ते साहेब हयात आहेत आणि दिवसभर फेसबुकवर असतात.

आधी एक घोळ मिटवू. भागीदारी म्हणजे खासगीकरण नव्हे. नागपूरला 2012 पासून खासगी कंपनी पाणी चालवते, हुबळी-धारवाडच्या काही भागांत 2008 मध्ये जागतिक बँकेच्या पैशाने फ्रेंच कंपनीने चोवीस तास पाणी आणलं. ते ठेके. त्यावर वाद घालायचा तर जरूर घाला, पण वेगळा घाला. इथे एका सार्वजनिक संस्थेची माणसं दुसऱ्या सार्वजनिक संस्थेच्या माणसांना काम शिकवतात, आणि त्यात नफा घ्यायचा नसतो. 2006 मध्ये जपानचे माजी पंतप्रधान हाशिमोतो यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार मंडळाने ही कल्पना जोरात मांडली आणि 2009 मध्ये यूएन-हॅबिटाटने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्याच शहरांसाठीच्या संस्थेने, त्यासाठी जागतिक जाळं उभं केलं. पैसा कुठून येतो? फ्रान्समध्ये 2005 चा कायदाच आहे: पाणी संस्था आपल्या पाण्याच्या अंदाजपत्रकातला 1 टक्क्यापर्यंतचा पैसा परदेशातल्या अशा कामाला देऊ शकते. पॅरिसच्या माणसाच्या पाणीपट्टीतले चार पैसे आफ्रिकेतल्या नळाला जातात आणि तिथे कोणी मोर्चा काढत नाही. आपल्याकडे शेजारच्या प्रभागाला अर्धा तास जास्त पाणी गेलं तरी नगरसेवक हंडे घेऊन दारात येतात.

यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण नॉम पेन्हचं, म्हणजे कंबोडियाच्या राजधानीचं. 1993 मध्ये तिथे 72 टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. निम्मं गळत होतं की निम्मं चोरीला जात होतं, कोणालाच सांगता येत नव्हतं. संस्थेचेच कर्मचारी पैसे घेऊन बोगस जोडण्या देत होते. मग एक सोन चान ('एक' हेही त्याच्या नावातलंच) संस्थेचा प्रमुख झाला. मीटर लावायला गेला तेव्हा एका लष्करी जनरलने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, हा सशस्त्र माणसं घेऊन परत गेला आणि जोडणी तोडून आला. पुढच्या पंधराएक वर्षांत 72 टक्क्यांचे 6 टक्के झाले, पाणी चोवीस तास झालं, त्याला 2006 मध्ये मॅगसेसे मिळालं आणि संस्थेला 2010 मध्ये पाणीक्षेत्रातला स्टॉकहोमचा पुरस्कार.

आता भाषणं देणारे लोक इथे टाळ्या घेतात आणि सांगतात की हे जपानच्या किताक्युशू शहराच्या पाणी खात्याने केलं. अर्धं खरं आहे. किताक्युशूचे तज्ज्ञ 1999 पासून तिथे जाऊ लागले. शहराचे वाटपाचे भाग पाडून प्रत्येक भागात किती पाणी शिरतं ते सतत मोजायचं, हे त्यांनी बसवलं. त्याने गळती कुठे आहे ते दिसू लागलं, हे कोणी नाकारू नये. पण तारखा बघा. 1993 मध्ये घर झाडायला सुरुवात, 1996 मध्ये संस्थेला स्वायत्तता, 1997 मध्ये दरवाढ, आणि मग 1999 मध्ये जपानी. पाहुणे आले तेव्हा नेमणूक, बढती, बडतर्फी, दर, सगळं संस्थेच्या हातात होतं. हा क्रम उलटा करून बघा काय होतं. मी बघितलंय.

2010 च्या आसपास युरोपातल्या एका सार्वजनिक पाणी कंपनीची माणसं आमच्याकडे आली. दोन अभियंते आणि एक निवृत्तीला आलेला तंत्रज्ञ, आपल्या भाषेत फिटर. सभागृहात शाल-श्रीफळ, साहेबांचं सादरीकरण, धरण, जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र, सगळं पडद्यावर. मग त्या फिटरने एकच विचारलं: रात्री दोन ते चार या वेळात टाकीतून किती पाणी जातं? साहेब म्हणाले, आमच्याकडे रात्री पाणी नसतं.

खरंच नसतं. झोनला सकाळी तास-दीड तास पाणी, बाकी वेळ पाइप रिकामे. रात्री दोन ते चार लोक झोपलेले असतात, म्हणून तेव्हा जे वाहतं ती जवळजवळ सगळी गळती, हे पाहुण्यांचं साधं गणित. आमचा पाइप रात्री रिकामा, त्यामुळे गळतीही शून्य आणि तिच्या जागी गटाराचं पाणी आत ओढलं जातं ते वेगळं. तेव्हा ठरलं की एक झोन निवडायचा, बाकीच्या शहरापासून तोडायचा आणि रात्रभर भरलेला ठेवायचा.

तोडायचा म्हणजे हद्दीवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे. नकाशात दाखवले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाले. ते नकाशावरून निघाले नाहीत, आमच्या चावीवाल्याच्या डोक्यातून निघाले. सगळे त्याला अण्णा म्हणत. 'हे हॉटेल झालं ना साहेब, त्याच साली हा डांबराखाली गेला,' असं म्हणून तो पहार मारायचा आणि खाली लोखंड वाजायचं. कुठल्या व्हॉल्व्हला किती आटे, कुठला उलटा फिरतो, कुठला बंद केला तरी थोडा सुटतो, सगळं तोंडपाठ. त्याची कुठेही नोंद नव्हती. युरोपातला तो फिटर वही काढून अण्णाच्या मागे मागे फिरत होता.

पहिल्या रात्री झोन भरला आणि मीटरचा आकडा बघून साहेबांना आनंदच झाला. बघा, लोकच पाणी वाया घालवतात! घरोघरी तोट्या नव्हत्या. असणार कशा? पाणी कधी येईल याचा भरवसा नसलेला माणूस नळ उघडाच ठेवतो. आधी तोट्या बसवून घेतल्या. मग खरं काम सुरू झालं. मध्यरात्रीनंतर अण्णा एकेक गल्ली बंद करत जायचा आणि फिटर टाकीखाली मीटर वाचायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, टॉर्चवर भागायचं. एका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद झाला आणि प्रवाह धाडकन खाली आला.

दुसऱ्या दिवशी खोदलं तर मुख्य वाहिनी ठणठणीत. सडले होते ते घरजोडणीचे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप, फेरूलपासून, म्हणजे मुख्य वाहिनीवरच्या जोडणीच्या सांध्यापासून, घरापर्यंत, सगळे गटारातून गेलेले. एकही फोटो काढण्यासारखा फवारा नाही, सगळीकडे बारीक पाझर, पण दिवसरात्र. त्या गल्लीच्या आणि मग झोनमधल्या जवळपास सगळ्या जोडण्या एमडीपीईच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पाइपांनी बदलल्या. पूर्वी तासाभरात रिकामी होणारी टाकी झोन चोवीस तास भरलेला ठेवूनही पुरू लागली. धरणातून एक थेंब जास्त न आणता.

इथून पुढे माझा आणि साहेबांचा वाद. साहेबांचं म्हणणं, 'गळत्या शोधून शहर चालत नाही, पाणी वाढवावं लागतं.' त्यांच्या टेबलावर वाढीव योजनेचा प्रकल्प अहवाल तयार होता. माझं म्हणणं एवढंच होतं की सडलेल्या जोडण्यांमध्ये जास्त पाणी, जास्त दाबाने, जास्त तास सोडलं तर गळतीच वाढेल. हे हायड्रॉलिक्स आहे, माझं मत नव्हे. पण वाढीव योजनेला निविदा असते. फेरूल बदलायला निविदा केवढीशी निघणार?

मग परतीचा दौरा आला, म्हणजे आमच्या माणसांनी त्यांच्याकडे जाऊन काम बघायचं. यादीत सभापती, साहेब, लेखापाल आणि साहेबांचे स्वीय सहायक. मी लेखी टिपणी ठेवली की अण्णाला पाठवा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, 'नववी नापास माणूस तिथे जाऊन काय शिकणार? त्याच्याकडे पासपोर्ट तरी आहे का?' लोक हसले. मंडळी जाऊन आली, फोटो आले, प्रसिद्धीपत्रक निघालं. वर्षाच्या आत साहेबांची बदली झाली, पाण्याशी संबंध नसलेल्या खात्यात. लेखापालही गेले. मीटरची बॅटरी संपली, कुठली आणायची ते फाइलमध्ये सापडेना. शेजारच्या प्रभागाने मोर्चा काढला, 'त्यांना चोवीस तास आणि आम्हाला एक तास?' आणि झोन पुन्हा तासावर आला. अण्णा मात्र निवृत्त होईपर्यंत, त्या फिटरकडून शिकल्याप्रमाणे, लोखंडी सळई कानाला लावून गल्ल्यांमधून गळत्या शोधत होता. त्या अख्ख्या करारातून आमच्या शहरात जे शिल्लक राहिलं ते एवढंच.

म्हणून सांगतो, ठराव कसा आहे हे बघायचं असेल तर उद्दिष्टांची पानं वाचू नका, ती सगळीकडे सारखीच असतात. कोण जाणार आणि कोण येणार, त्यांची पदं बघा. तिकडून सल्लागारच येणार असतील आणि इकडून पदाधिकारी व बदलीपात्र अधिकारीच जाणार असतील तर विरोध करा. फिटर, व्हॉल्व्हमन, पंपचालक असतील तर डोळे मिटून पाठिंबा द्या. अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो, शिकलेलं सोबत घेऊन जातो. चावीवाला तिथेच असतो. शिवाय एक झोन निवडून त्याचा आधीचा आणि नंतरचा आकडा जाहीर करण्याची अट घालायला सांगा, आणि त्या झोननंतर पुढचा झोन कोणता व केव्हा, हेही आताच लिहून घ्या. नाहीतर मोर्चा ठरलेला.

डचांबद्दल विचारलंत म्हणून: माणसं कामाची आहेत, मलावी आणि मोझांबिकमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. पण त्यांच्या देशात गळती 5 टक्क्यांच्या आसपास आणि पाणी कधीच जात नाही. रिकाम्या पाइपांचं शहर समजून घेण्यातच त्यांचे पहिले काही महिने जातात. माझ्या मते नुकताच चिखलातून बाहेर आलेला जोडीदार बरा. नॉम पेन्हच्याच माणसांनी पुढे किताक्युशूकरांसोबत कंबोडियातल्या लहान शहरांना शिकवलं, आणि ते जास्त लवकर पटत असणार. आणि परदेशच कशाला, कराडशेजारच्या मलकापूरला जाऊन या. राज्याच्या जीवन प्राधिकरणाने तिथे मीटर लावून, टप्प्याटप्प्याचे दर ठेवून चोवीस तास पाणी दिलं, त्याला पासपोर्ट लागला नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. धरणच कोरडं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तिथे त्या उन्हाळ्यात फेरूल बदलून काही होणार नव्हतं. नॉम पेन्हला परदेशी कर्ज आणि मदतीतून नव्या वाहिन्याही मिळाल्या होत्या, नुसत्या शिस्तीवर ते झालं नाही. तिथे एक सोन चानच्या पाठीशी सरकार उभं होतं, आपल्याकडे जोडणी तोडायला गेलेल्या फिटरच्या पाठीशी कोणी उभं राहत नाही. आणि साहेबांच्या बाजूनेही एक सांगायला हवं, आमच्या शहराची लोकसंख्या वाढत होती, वाढीव योजना कधी ना कधी लागणारच होती. माझा राग योजनेवर नाही, क्रमावर आहे.

पासपोर्टला शिक्षणाची अट नसते, साहेब. नववी नापासलाही मिळतो.