भाडेकरू टिकवायचाय? आधी ओल काढा

पहिला फ्लॅट भाड्याने देताय, तर फॉल्स सीलिंगवर पैसे घालू नका. पुण्यात करार बहुधा 11 महिन्यांचा. पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरली की भाडेकरू करार संपायची वाटच बघतो. म्हणून रंगाच्या आधी बाहेरच्या भिंतीच्या भेगा बुजवा, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करा. मग धुता येईल असा रंग लावा. ओट्याला गडद ग्रॅनाइटच घ्या, पांढऱ्या संगमरवरावर हळदीचे डाग बसतात. खिडक्यांना जाळ्या, पडद्यांचे रॉड, ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याच्या बाल्कनीत) वॉशिंग मशीनचा नळ आणि 16 अँपिअरचा पॉइंट आधीच द्या. आणि भिंतीला चार खिळे ठोकायची मुभा खरंच द्या. माणसाला आपले फोटो, देव्हारा लावता आला की घर त्याचं होतं. सोफा-पलंग मात्र देऊ नका, कुटुंबं स्वतःचं सामान आणतात.